चिरंजिवांसाठी स्थळ

आमच्या भाऊजींइतका माणसांना कंटाळलेला आणि माशांच्या संसाराची काळजी वाहणारा गृहस्थ उभ्या अंबरनाथात दुसरा नव्हता. मुलांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, की घरी काचेचा मोठा हौद आणलाय, त्यात मादागास्करचे सिक्लिड सोडायचेत, पण त्यांच्या सोबतीला दुसरे कोणते मासे ठेवावेत ते कळत नाही. तुमच्या आजोबांच्या या मावसभावाला याच प्रश्नाने एकदा मरणाच्या दारात नेलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

भाऊजी तरुणपणी मादागास्करला एका व्यापारी पेढीत नोकरीला गेले आणि आपला देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच दिवसांत परतले. तिकडून येणारे लोक घड्याळं आणत, कापड आणत. भाऊजी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या जाऊबाई, आळीपाळीने मांडीवर पत्र्याचा डबा धरून बोटीने आले, आणि डब्यात चार मासे. त्यातला एकच इथल्या पाण्यात टिकला. मूलबाळ नव्हतं, जाऊबाई त्यालाच ‘चिरंजीव’ म्हणू लागल्या. भाऊजींनी दिवाणखान्यात भिंतीलगत पलंगाएवढा सिमेंटचा हौद बांधून घेतला, पुढच्या बाजूला दुकानाच्या शोकेसची जाड काच बसवली. चिरंजिवांच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना कायम हिरवे पडदे. त्या खोलीत चहा पिणारा पाहुणा बुडालेल्या माणसासारखा दिसे.

चिरंजीव दिवसा राखी असत. ऊन उतरलं की हळूहळू काळे होत, आणि त्या काळ्यावर पांढुरके ठिपके उमटत, चांदण्यांसारखे. मग ते काचेपाशी येऊन पाहुण्यांकडे बघत. तोंडाकडे नव्हे, मानेकडे. तुमचे आजोबा भुताखेतांना हसणारे, पण तिथे कोटाची कॉलर वर करूनच बसत. आणि त्या घराचा एक नेम होता: चिरंजिवांनी कोळंबी खाल्ल्याशिवाय माणसांची पानं वाढायची नाहीत. जाऊबाईंनी सुरू केलेला. एकदा चिरंजीव दुपारभर दगडामागे रुसून बसले, तेव्हा कारखान्यातून जेवायला बोलावलेले भाऊजींचे साहेब भुकेने व्याकूळ होऊन शेवटी आमच्याकडे पोहे खाऊन गेले.

मग जाऊबाई तापाने गेल्या. तेराव्याच्या सुमारास चिरंजिवांनी खाणं सोडलं. दिवसाढवळ्याही ते काळेच राहू लागले आणि हौदाच्या ज्या टोकाशी जाऊबाई बसत, तिथे काचेला तोंड लावून उभे राहत. भाऊजींनी नेम मोडला नाही. मासा उपाशी, म्हणून तेही उपाशी. दिवसाकाठी चहा, फार तर एखादं केळं. गालांची हाडं वर आली. कोणी काही म्हटलं की उत्तर एकच, ‘‘वहिनी, त्याला सोबत पाहिजे. बाकी काही नाही.’’

तेव्हा आम्ही सगळे माशाला स्थळं बघायला लागलो. भाऊजींची पद्धत पक्की होती. उमेदवार काचेच्या बरणीत घालून हौदाशेजारी स्टुलावर ठेवायचा, दोघांना एकमेकांना नीट बघू द्यायचं, मगच होकार. आणि त्यांचं ठाम मत, की एक तापट असेल तर दुसरं गरीब हवं, तरच संसार टिकतो. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये त्यांच्या ओळखीचा एक सिंधी दुकानदार होता. त्याच्याकडे झुपकेदार शेपटीचे सोनेरी मासे आले होते. भाऊजींनी त्याला इतक्या चौकशा केल्या, स्वभाव कसा, खाणं काय, निजतात केव्हा, की तो हात जोडून म्हणाला, ‘‘साईं, मछली ले जा रहे हो, बहू नहीं.’’

ती गरीब सोनेरी जोडी सकाळी हौदात गेली. दुपारी पाण्यात काही नव्हतं. खवलाही नाही. चिरंजिवांनी खाल्लं म्हणावं तर त्यांचं पोट खपाटीलाच, आणि ते आपल्या जागेवरून हललेलेसुद्धा कोणी पाहिलं नव्हतं. मग जांभूळ गावच्या तळ्यातला एक लाजाळू रोहू आला; त्याने स्वतःच बाहेर उडी घेऊन प्राण दिला. मोरिवलीच्या ओळखीच्या घरून शिंगी मासळी आली, ती हौदात चिरंजिवांच्या आडोशाला ठेवलेल्या कौलाखाली लपायला गेली आणि परत कोणाला दिसली नाही. शेजारणी त्या खोलीत पाऊल टाकेनात. भाऊजी भिंत धरून चालू लागले.

अशात एका सकाळी आमच्या दारी खाडीची मासळी घेऊन कोळीण आली. तिच्या बादलीत एक कालुंदर जिवंत होता, तळहाताएवढा, हिरवट, अंगावर मोत्यांसारखे ठिपके. मी वाकले तर तो मागे सरला नाही. कल्ले फुगवून माझ्यावरच आला. मी तो कालवणासाठी न घेता भाऊजींकडे नेला. त्यांनी बघून मान हलवली.

‘‘हा तापट आहे, वहिनी. दोन तापट एका घरात?’’

‘‘गरीब होते ते सगळे गेले ना भाऊजी? आणि तुमच्या घरात तरी कोण गरीब होतं? रोज भांडत होतात दोघं.’’

 भाऊजींनी बरणी मागितली. खाडीच्या पाण्यात रोज थोडं विहिरीचं पाणी मिसळून कालुंदराला गोड्या पाण्याची सवय लावली. सोडायच्या दिवशी बाह्या सारून हौदातला एकूण एक दगड हलवला, कौल उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलं. म्हणाले, ‘‘आता घर दोघांनाही नवं. माझं-तुझं नको.’’ हे तुम्हीही लक्षात ठेवा: बरोबरीच्या अंगाचा मासा घ्या, तोंडात मावणारा नको, आणि आधी दगड हलवा.

कालुंदर पाण्यात गेला. चिरंजीव सरळ त्याच्यावर आले आणि वीतभर अंतरावर थांबले. दोघांनी कल्ले फुगवले, बाजू बदलल्या, पुन्हा समोर आले. एकाच घराण्यातली, लहानपणी ताटातूट झालेली माणसं एकमेकांचे नाक-डोळे न्याहाळतात, तसं ते चाललं होतं. एक मादागास्करचा, एक आपल्या खाडीतला; मधे एवढा समुद्र, आणि तरी.  भाऊजींनी कोळंबी टाकली. कालुंदर झेपावला; चिरंजिवांनी त्याच्या तोंडची हिसकावून गिळली. मी स्वयंपाकघरात जाऊन भाऊजींसाठी मऊ भात टाकला. ते रडत जेवले.

पुढे त्या दोघांचं भांडणही टिकलं आणि सोबतही. फक्त एक झालं, चिरंजीव काचेपाशी येईनासे झाले. भाऊजी एकदा म्हणाले, ‘‘आता माझ्याकडे बघत नाही तो. बरंच आहे म्हणा.’’ मुलगी सासरी रमली की बापाचा होतो, तसा त्यांचा आवाज झाला होता.

त्यानंतर मी दुपारी त्यांना ताट नेऊन देत असे. असंच एकदा गेले, तर पडदे ओढलेले, भाऊजी काचेला कपाळ टेकून उभे. आत दोन्ही मासे पाठमोरे, आणि त्या दोघांच्या मधोमध भाऊजींची सावली, तीही हिरवी. कोण आत आणि कोण बाहेर ते मला क्षणभर कळेना. मी हळूच ‘भाऊजी’ म्हटलं, तर तिघेही एकदम माझ्याकडे वळले.

मी ताट खाली ठेवलं, भातावर तूप घातलं, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तिथेच बसून राहिले.