आंदोलन म्हणजे झुलणे

गजेंद्र आमच्या गावचा आंदोलनकर्ता. ही पदवी गावानं दिलेली नव्हती. त्यानं स्वतःच कार्डावर छापून घेतली होती. गाव वलगावजवळ, शाळेच्या वाटेवर नाला. नाल्यावर पूल व्हावा म्हणून यानं सहा वर्षांत नऊ उपोषणं केली. सकाळी मंडप, दुपारी भाषण. चारच्या सुमारास बांधकाम खात्याचे साहेब आश्वासनाचा कागद आणत आणि हा संत्र्याचा रस पिऊन घरी जाई. फोटो नीट आला नाही तर दुसरा ग्लासही पिई. पुरात पोरींची शाळा आठ-आठ दिवस बुडे, त्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. त्या मंडपात मीही टाळ्या वाजवल्यात, हे सांगायला लाज वाटते.

दहाव्या खेपेला त्याला भाषणात काही नवीन हवं होतं. आंदोलन हा शब्द कुठून आला, हे विचारायला तो शाळेतल्या प्रियदर्शनी मॅडमकडे गेला. त्यांनी सरळ सांगितलं, की शब्द संस्कृतातला. दोला म्हणजे झोपाळा; त्यावरून आंदोलन म्हणजे झुलणं, हेलकावे खाणं. लोकांच्या लढ्याला हे नाव फार नंतर मिळालं.

"तुमचं मात्र अजून जुन्याच अर्थानं चाललंय," मॅडम म्हणाल्या.

त्याला ती स्तुती वाटली. दुसऱ्या दिवशी माइकवरून त्यानं हे सगळं ऐटीत सांगितलं, मॅडमचं शेवटचं वाक्यसुद्धा.

पुढे मैनाबाई बसल्या होत्या. त्यांची नात नाल्यात घसरून हात मोडून घेऊन बसली होती. त्या उठल्या.

"सा वर्सं तू झुलूनच तं राहिला," त्या म्हणाल्या. "आमी काहून बसाव तुह्यापाशी?"

मागोमाग वीस-पंचवीस बाया उठल्या आणि मिळेल त्या गाडीनं अमरावतीला गेल्या. साहेबांच्या दारात त्यांनी बसकण मारली. साहेबांनी कागद पुढे केला. मैनाबाईंनी तो हातात घेतला नाही. त्यांना कामाची तारीख आणि नाल्यावर माणूस हवा होता. दुसऱ्या दिवशी गजेंद्र फोटोवाल्याला घेऊन पोचला, तर बायांनी त्याला सावलीतून उठवलं. तिसऱ्या दिवशी मोजमाप करणारे नाल्यावर आले. पुढच्या पावसाळ्याआधी पूल झाला.

गजेंद्र आता पातूरकडच्या एका गावात रस्त्यासाठी मंडप टाकतो, असं ऐकतो. तिथंही टाळ्या वाजत असतील.