रजेचा अर्ज

हे मी लिहावं का, असं दर ओळीला वाटतंय. मी पुरुष, त्यात परका. चुकीचं काही लिहिलं गेलं तर माफ करा. पण यात माझाही हात आहे.

माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी. तिथून सोमालियाला तांदूळ पाठवणारा, मूळचा तिकडचाच एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा. "माझा पोरगा कॉलेजात हाय," असं वडिलांनी त्याला अभिमानानं सांगितलं आणि त्याच्या सात वर्षांच्या मुलीची शिकवणी मला मिळाली. जुईनगरला त्यांच्या घरी मी जायचो. ती मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायची आणि माझं तोंड बघत हसायची.

एकदा बाजारात चहा पिताना व्यापारी आपल्या बहिणीबद्दल बोलला. त्यांच्याकडे मुलींचीही सुंता करतात. तिची लहानपणी केली होती. पुढं बाळंतपणात तिचे फार हाल झाले. माझ्या मुलीची नको, म्हणाला.

"मग घरी सांगा ना."

"पागल है क्या, सर? ये औरतों की बात है. मर्द मुँह नहीं खोलता."

दिवाळीनंतर त्याच्या बायकोनं मला मुलीच्या शाळेसाठी महिन्याभराच्या रजेचा अर्ज लिहायला सांगितला. कारण, आजी आजारी. खरंच आजारी आहेत का, असं मी सहज विचारलं. तिनं मुलीला आत पाठवलं आणि खाली बघत मोडक्या हिंदीत म्हणाली, "तिचं करायचं राहिलंय. माझं मन होत नाही. पण तिच्या वडिलांना हवंय."

"ते तसं म्हणाले?"

"असं कोणी बोलून दाखवतं का? नको असतं तर बोलले असते."

मला एकच वाक्य बोलायचं होतं: त्यांनाही नकोय. पण एका बाईसमोर हा विषय! माझे कान तापले. घरी येऊन आईला अर्धवट सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यांच्या घरातलं हाय ते. तू शिकवायला जातोस, शिकवून ये."

मी अर्ज लिहिला. अक्षरही चांगलं काढलं. मायलेकी सोमालियाला गेल्या, व्यापारी इथंच राहिला. त्याला ठाऊक असेलच, अशी मी माझी समजूत घातली.

तीन आठवड्यांनी वडील बाजारातून आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "तुझ्या त्या पोरीच्या बापाला आज फोन आलता. गोणीवर बसून रडला गडी. पोरीचं काय ते उरकलं म्हणं. बायको म्हणाली, तुमच्या मनासारखं केलं."