सिनेमातल्या सैनिकाला बाबांनी दिलेलं उत्तर

दरेकसा स्टेशनवर बाबांनी मला गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसवलं, तेव्हा बारावीचा निकाल नुकताच लागला होता. पिशवीत मोहफुलांचे लाडू होते. गाडी हलली तसे बाबा खिडकीसोबत थोडे चालले. "तिकडंच राहाजो, बाबू. इकडं येत नोको जाऊ," एवढंच म्हणाले.

कारण मला माहीत होतं. गाव जंगलाला लागून. जंगलातली हत्यारबंद माणसं जेवण मागायला येत आणि पोलीस आले होते का, विचारत. मग पोलीस येत आणि ती माणसं आली होती का, विचारत. माझ्या वयाच्या पोरांना दोघंही जास्त वेळ उभं करत. बाबांचं दोघांना एकच उत्तर असे: "आमी झोपून राहिलो होतो, साहेब." चौकशी भरदुपारची असली तरी हेच.

आता मी पुण्यात एका वृत्तपत्राच्या डेस्कवर आहे. सोसायटीच्या गेटवर व्हिजिटर ॲप आहे. कोण कुणाकडे आलं याची इथेही नोंद होते. कुणाला भीती वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी एका फिल्म क्लबसाठी मी मराठी सबटायटल्स करतो.

आई गेली, तेही बाबांनी मला सगळं उरकल्यावर कळवलं. गेल्या हिवाळ्यात गुडघा दाखवायला ते पुण्याला आले. त्यांनी आता इथेच राहावं, असं मी ठरवलं होतं. विचारायचं बाकी होतं.

त्या रविवारी क्लबमध्ये दूरच्या एका देशातल्या लष्करी राजवटीवरचा चित्रपट होता. बाबांना सोबत नेलं. ते माझी सबटायटल्स अक्षरं लावून, ओठ हलवत वाचत होते. पडद्यावर सैनिकाने एका शेतकऱ्याला अंगणात उभं केलं. "काल तुझ्याकडे कोण आलं होतं?" शेतकरी गप्प. दिग्दर्शकाने ती शांतता बरीच लांबवली आहे. बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि मोठ्याने म्हणाले, "आमी झोपून राहिलो होतो, साहेब!"

हॉलमध्ये हशा पिकला. "काका, सिनेमा आहे तो," मागून कुणीतरी म्हणालं.

"मंग काऊन बोलत नाही तो? मार खाईन ना तो फुकट," बाबा म्हणाले आणि बसले. शेतकऱ्याला मारलं गेलं. मी पुढची ओळ वेळेवर येते का, ते पाहत होतो.

बाहेर चहा घेताना मी विषय काढला. "बाबा, आता इथंच राहा."

"घर बंद दिसलं तं विचारतात, कुठं गेला म्हणून."

"आता कोण विचारतं? ते दिवस संपले."

"संपले असतीन. घर उघडं राहाले पाह्यजे."

"मग मी येतो सोबत. चार दिवस राहीन."

"कायले?" त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुले आता कोन ओळखते तिथं? घरात नवा मानूस कोन आला, ते सांगत बसा लागन मले."

त्यांचं परतीचं तिकीट मी संध्याकाळी काढलं.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी गोंदिया जिल्हा सांगतो. तिथे बाबा दार उघडं ठेवून एकटे राहतात. मी तिकडे न जाणं, एवढीच मदत मला त्यांना करता येते.