ऐनाचे टहाळे

धसईच्या अलीकडे आमचं गाव, पन्नास-साठ उंबऱ्यांचं. वर टेकाडावर सिस्टर लोकांचं दगडी कॉन्व्हेंट, माझ्या पणजोबाच्या काळातलं. बाहेरचे लोक गाडी घेऊन येतात, त्याच्या कमानीचे फोटो काढतात आणि निघून जातात. खाली गाव आहे हे त्यांना दिसतही नाही. त्याचा राग मला आधीपासून होता. खरा राग पुढे आला.

कॉन्व्हेंटच्या आवारात ऐनाची झाडं आहेत. भाताचं बी टाकायच्या जागेवर आम्ही आधी टहाळे आणि शेण पसरून जाळतो. त्याला राब म्हणतात. राब नसेल तर रोपापेक्षा तणच जास्त उगवतं. गावाने थंडीत वर जाऊन टहाळे तोडायचे आणि पावसाआधी कॉन्व्हेंटची कौलं चाळून, फुटकी बदलून द्यायची, अशी रीत होती. ती कुणी कधी बोलून ठरवलेली नव्हती.

नव्वद सालानंतर कधीतरी केरळहून नवी मोठी सिस्टर आली. छाटून बोडकी झालेली झाडं बघून तिला वाटलं, गाव झाडं मारतंय. तिने फाटकाला कुलूप लावलं. चैत्र लागला तरी ते निघेना.

गावाने मला पुढे केलं. डोक्यावर भेंडीची पाटी घेऊन सुरुवात केलेला माणूस मी. तोवर दारात स्वतःचा टेम्पो होता आणि धसईच्या बाजारातले व्यापारी मला टरकून असायचे. मी वर गेलो तो सौदा करायलाच. म्हटलं, आम्ही कौलं चाळतो, तुम्ही ऐन सोडा.

सिस्टरने शांतपणे विचारलं, "कौलं तर तुम्ही दरवर्षी चाळता ना, भाऊ? मग सौदा कशाचा?"

माझं डोकं सटकलं. "मग यंदा कोण चाळतो तेच बघतो. गळू दे सगळं," असं म्हणून मी खाली आलो. गावाला बजावलं, कुणी छपरावर चढायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आठ दिवसांनी वर बघतो तर छपरावर माणसं. माना डोलावणारेच. माझा चुलतभाऊ शिडी धरून उभा. माझ्या माघारी जाऊन त्यांनी हात जोडले होते, ऐनाचं झाड पावसात पुन्हा फुटतं हे तिला सांगितलं होतं, आणि तिने कुलूप काढलं होतं. फक्त प्रत्येक घरातल्या माणसाने येऊन मागायचं, एवढंच तिचं म्हणणं.

मी चुलतभावाला आडवा गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "आमाला राब पायजे होता रे दादा. तुला जिंकायचं होतं."

मी मागायला गेलो नाही. आमची राबाची जागा तशीच उघडी पडून होती. शेवटी बायको गेली आणि डोक्यावर भारे घेऊन आली. मी म्हटलं, हे माझ्या शेतात जळायचं नाही.

"तुमी नका मागू," ती म्हणाली. "भात पोरांना लागतो. टहाळे मी मागितले." आणि तिने काडी लावली.

रोप चांगलं आलं. तो भात मी वर्षभर खाल्ला.

त्यानंतर गावाने मला कशालाच पुढे केलं नाही. रस्त्याला जमिनी गेल्या तेव्हा नाही, पाण्याच्या टाकीच्या वेळी नाही. दोन्ही वेळा ठेकेदाराने त्यांना गुंडाळलं. मी ओट्यावर बसून बघत होतो. एकाने जरी येऊन विचारलं असतं, तरी मी उठलो असतो.