दोन सायलेन्सरची पिकप

परवा गेटचं वेल्डिंग चालू होतं. त्या जळक्या वासानं मी थेट इंदापूरच्या गॅरेजात पोचलो, नव्वदच्या दशकात.

आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सगळी मेंढरं विकून मला पिकप घेऊन दिली होती. आणि मी त्यांना न विचारता तिला दोन सायलेन्सर बसवायला नेलं! मिस्त्रीनं जुना पाइप कापला तेव्हा मी तोंड फिरवलं. पण दोन्ही नळ्या बसल्या, मी चावी फिरवली, आणि असा भरदार आवाज उठला की समोरच्या टपरीवरची माणसं चहा हातात घेऊनच धावत आली. आमच्या गावापर्यंत, अंथुर्ण्यापर्यंत मी नुसता हसत होतो.

दारात आबा उभेच होते.

"चांगली गाडी कापलीस व्हय रं?"

मी मान खाली घातली. त्यांनी मागं जाऊन, वाकून दोन्ही नळ्या न्याहाळल्या. मग शेजारी येऊन बसले.

"चल, पारावरनं घे. आन् जरा जोरात."

तेव्हा वाटलं, आवाज आवडला त्यांना. आज कळतं, मेंढरं विकल्यापासून लोकांच्या टोमण्यांपायी आबा पाराकडं फिरकलेच नव्हते. त्या दिवशी मात्र खिडकीतून हात बाहेर काढून ते सगळ्यांना रामराम घालत होते.