प्रशांत महासागर आणि आमची मोसंबी

दरवर्षी मी नववीला सागरी प्रवाह शिकवते. गरम प्रवाहाला लाल खडू, थंडाला निळा, तास संपला की फळा पुसायचा. त्या उन्हाळ्यात मात्र तो नकाशा डोक्यातून जाईना. चकलांबा गावातल्या आमच्या मोसंबीच्या बागेला आम्ही ताण दिला होता.

ताण म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळायला लागतात, मग पाणी मिळालं की झाड फुलांनी भरतं. आमच्याकडे हे पाणी मृगाच्या पावसाचंच, असं धरून पाणी कधी तोडायचं याचा उलटा हिशेब करतात. बाग बघणाऱ्या माझ्या दिरांनीही तसाच केला. मृग कोरडा गेला.

बातम्यांत एल निनो म्हणत होते. मी बांधावर उभी राहून दिरांना समजावलं. प्रशांत महासागरात वारे वरचं गरम पाणी आशियाकडे ढकलत राहतात, तिकडे अमेरिकेच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर येतं. वारे ढिले पडले की गरम पाणी माघारी पसरतं, ढग त्याच्यामागं सरकतात, आणि आपला पाऊस रेंगाळतो. दर वेळी नाही, पण पुष्कळदा.

दीर एक वाळकं पान चुरगाळत होते. "समुद्र कुठं अन् आपण कुठं, वैनी. तिथल्या पाण्यानं इथली झाडं मरत्यात व्हय?"

"मरतील. विहिरीतलं पाणी आजच सोडा, भाऊजी."

त्यांनी सोडलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. पाणी सोडलं तर फूल येणार, आणि ते पोसायला विहिरीत पुन्हा पाणी नाही. गेवराईचे एक फळांचे व्यापारी चक्कर मारून गेले. बहर धरला की आधी मला सांगा भाभी, एवढंच म्हणाले.

मी शाळेतून रोज मधल्या सुट्टीत फोन करायचे. टोकं वाळली की झाड हातचं जातं, म्हणून विचारायचे, फांद्यांची टोकं वाळली का? अजून न्हाई, ते म्हणायचे. मग वर्गात माझं लक्ष खिडकीबाहेर. एके दिवशी त्यांनी फोनच उचलला नाही. मी अर्धी रजा टाकली, मिळेल त्या जीपनं शेत गाठलं आणि स्वतः मोटर चालू केली. ते शेजारी उभे राहिले, बटणाला हात लावला नाही.

झाडं वाचली. फूलही आलं, दाट, पांढरं. ढग येत, वरून पुढे निघून जात. विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा मी म्हणाले की फूल झाडून टाकू, नाहीतर फुलाबरोबर झाडही जाईल.

आम्ही दोघं फांद्या हलवत रांगांतून गेलो. पायाखाली पांढरा सडा. शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या झाडापुढे दीर थांबले.

"एवढं एक राहू द्या. लेकरं खातील."

मी ते ठेवलं, आणि त्याला घरून घागरीनं पाणी आणून घालायचं काम त्यांच्याकडे दिलं.