सुरतवाल्यांची मूठ

‘सुरतवालास्नी मूठ टाकू नका.’

माझा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ, हे बोलला तेव्हा सगळी भाऊबंदकी अंगणात बसलेली होती. श्रावणातला शनिवार. दुसऱ्या दिवशी घरात कानबाई देवी बसणार होती आणि तिच्या रोटांचे, नैवेद्याच्या पुरणपोळ्यांचे, गहू मोजणं चाललं होतं. आमच्या घराण्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकतात. म्हाताऱ्याच्या नावाने टाकतात, पाळण्यातल्या पोराच्या नावानेसुद्धा टाकतात. ज्याची मूठ पडली तो घरचा. नाही पडली तो परका. आणि कानबाईचे रोट परक्याला देत नाहीत.

सुपाशी बसलेल्या म्हाताऱ्या काकीने माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन मूठ भरली होती. ती तशीच हवेत राहिली. ‘लहानभाऊनी बी नई?’ तिने विचारलं.

‘त्या आते सुरतना शेतस,’ जेठ म्हणाला. ‘गावना नई.’

आम्ही आता सुरतेचे. गावचे नाही. झालं. काकीने गहू परत पोत्यात सोडले. माझा नवरा खाली मान घालून काडीने मातीत रेघा ओढत बसला. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये उकळत्या रंगाशी रोज बारा तास झुंजणारा माणूस, भावापुढे पार मांजर. माझी मुलगी माझ्या कानाशी लागली. सुरतेत वाढलेली पोर, तिच्या तोंडात हिंदीच. ‘मम्मी, अपनको क्यूँ नहीं गिना?’

काय सांगू तिला? तिची मूठ तर कधीच नव्हती. माझीही नव्हती. आज तिच्या बापाचीही गेली, एवढंच.

जेठाला आम्ही जिभाऊ म्हणतो. मोठं प्रस्थ. पांढरी टोपी, मिशीला पीळ, लग्नात पहिला मान. त्याच्या घराचा स्लॅब टाकला गेला तो माझ्या नवऱ्याच्या ओव्हरटाइमवर. सासऱ्यांच्या माघारी तीन भावांची जमीन हा एकटाच कसतो. मधला भाऊ वारला, त्याची बायको माहेरी गेली, धाकटा सुरतेला. आयत्या बिळावर नागोबा. वर बैठकीत सांगायचं, ‘सुरतवाल्यांना मीच सांभाळतो.’

ते टाळेबंदीचं वर्ष होतं. मिल बंद झाली तेव्हा मालकाने गेटला कुलूप लावलं आणि फोन उचलणं सोडलं. सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या खोलीच्या मालकाला भाड्याची घाई. मी घरी मशीनवर साड्यांना लेस लावते, तेही काम थांबलं. निघालो. थोडं चालत, थोडं टेम्पोत, पुढे नवापूरपासून पुन्हा चालत. कुणाच्या तरी मोबाइलवर एक चष्मेवाले विद्वान बोलत होते, स्थलांतरितांचे लोंढे वगैरे. गुबगुबीत सोफ्यावर बसून. त्यांचा मुलगा म्हणे अमेरिकेत असतो. तो गेला त्याला यश म्हणायचं. आम्ही गेलो की लोंढा. मी फोन बंद करायला लावला, बॅटरी वाचवायची होती.

गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. पलीकडे तोंडाला रुमाल बांधलेली पोरं, हातात काठ्या. आम्हाला शाळेत ठेवलं. जेठाणी भाकरी लांब ठेवायची आणि मागे सरायची. त्याचा मला राग नाही. जिवाची भीती कुणालाही असते. आणि मला तो प्रकार नवा नव्हता. सुरतेत प्लेग आला तेव्हा मी लहान होते. बाप आम्हाला घेऊन मामाच्या गावी पळाला. आम्हाला नदीकाठच्या निंबाखाली बसवलं होतं. माझी सख्खी आजी दगडावर भाकरी ठेवायची आणि ओरडायची, ‘मी गयू की मंग ये!’ प्लेग ओसरला. वर्ष गेलं नाही तोच तेच गाववाले डिंडोलीत माझ्या बापाच्या दारात उभे. ‘भाऊ, आमना पोऱ्याले कामले लाव.’ माझा बाप भोळा. त्याने लावलं. मी त्याच्या जागी असते तर आधी निंबाखाली बसवलं असतं.

शाळेतून सुटलो तोवर पाऊस पडला होता आणि कपाशीत तण माजलं होतं. तेव्हा मात्र आमच्या हातांना कसला रोग नव्हता. जिभाऊने स्वतः येऊन नवऱ्याला सांगितलं, ‘बाईले बी लई ये.’ मी गेले. सकाळपासून दिवे लागेपर्यंत निंदणी. आमची मुलगी गुरांना पाणी पाजायची. मजुरी कोण मागणार, घरचंच शेत ना! त्या कपाशीत वाकून वाकून माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा हिंमत आली. एका सकाळी तो म्हणाला, ‘जिभाऊ, मिलचं काही खरं नाही. आमचा वाटा आम्हीच कसतो आता.’ जिभाऊने तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि बांधाकडे चालू लागला.

त्याचं उत्तर त्याने रोटांच्या आदल्या दिवशी, गहू मोजताना दिलं. देवीच्या तोंडाने. ज्याची मूठ नाही तो भाऊबंद नाही, आणि जो भाऊबंद नाही त्याला शेत कसलं? कोर्ट नको, भांडण नको. पुन्हा नावाला देवधर्म. वाहवा रे धर्म!

आमच्यात भावजयीने जेठाशी बोलायचं नसतं. समोर आला की पदर पुढे ओढायचा आणि भिंतीला चिकटायचं. लग्न झाल्यापासून मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी मी उठले. सुपापाशी गेले. पोत्यात हात घातला आणि मूठ भरून सुपात टाकली, माझ्या नवऱ्याच्या नावाने. दुसरी टाकली माझ्या मुलीच्या नावाने. तिसरी माझ्या. बायांनी ‘ओ माय!’ केलं. कुणीतरी माझा हात धरायला आलं, मी झटकला.

‘जिभाऊ,’ मी म्हटलं, ‘कपाशी निंदाले मना हात चालनात. मूठ टाकाले का चालतस नई?’

निंदणीला चालले ते हात मुठीला का नाहीत? तो माझ्याकडे पाहीनाच. जणू मी बोललेच नाही, कोंबडी ओरडली. काकीला म्हणाला, ‘बाटनात गहू. ढोरेस्ले टाकी द्या.’

बाटलेले गहू गुरांना. आणि खरंच टाकले. माझ्या डोळ्यांदेखत ते सूप गोठ्यात रिकामं झालं आणि नवे गहू मोजायला घेतले. मोजणाऱ्या बायाच होत्या. एकीचीही स्वतःची मूठ त्यात नव्हती.  गव्हाला म्हशीने तोंड लावलं तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. म्हशीला चालले. माझ्या हातचे गहू कानबाईला चालत नाहीत, हे कानबाईने कधी सांगितलं? सांगणारा हा टोपीवाला.

दुसऱ्या दिवशी रोट झाले. आम्ही ओसरीवर बसलो होतो. पुरणाचा वास सगळ्या गल्लीत. आम्हाला कुणी बोलावलं नाही.

पुढे सुरतेला परतल्यावर मी खूप विचार केला. लेस लावताना हात चालतो आणि डोकं मोकळं असतं. कोण गावचं आणि कोण परकं? हेच जिभाऊ लग्नाच्या पंगतीत छाती फुगवून सांगतात, आपण मूळचे गुजरातेतले. दुष्काळ पडला, राजाचा जाच झाला, म्हणून वाडवडील बैलगाड्या जुंपून तापीच्या काठाकाठाने खानदेशात आले. म्हणजे तेव्हा आले ते शूर. आम्ही पोटासाठी त्याच वाटेने उलटे गेलो तर नालायक. मला लेसचं काम देणारा शेठ तर सुरतेचा मालकच असल्यासारखा बोलतो. दर सणाला त्याचा ठरलेला विनोद, ‘तमारा राजाए सुरत लूंटेलुं, हवे मजूरी करीने भरो.’ तुमच्या राजाने लुटली, आता तुम्ही मजुरी करून भरा. आम्ही हसायचं. हा स्वतः काठियावाडातून आलेला, विहिरी आटल्या म्हणून. आता असली सुरती! जो आधी आला तो दार लावून घेतो, एवढाच मला या सगळ्या इतिहासाचा अर्थ कळला.

आणि त्या अंगणातल्या बाया? एकीचा तरी जन्म त्या गावात झाला होता का? कोणी शिरपूरकडची, कोणी दोंडाईच्याची, मी तर सुरतेची. सगळ्या लग्न करून, सामान बांधून आलेल्या. आमच्याइतकं स्थलांतर कुणी केलंय? त्याची मोजदाद कोणी केली नाही. पण दुसरीला परकी म्हणायला आम्हीच पुढे.

मिल उघडल्याबरोबर आम्ही परत आलो होतो. पुढच्या श्रावणात मी डिंडोलीत, आमच्या एका खोलीत कानबाई बसवली. नारळाला डोळे लावले, नथ घातली, नवी साडी नेसवली. घरातल्या प्रत्येकाची मूठ टाकली. चाळीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, बायांची मूठ नसते. मी म्हटलं, ‘नसते तर खाऊ नका.’ दोघी उठून गेल्या. बाकीच्यांना मी परकं धरलं नाही, त्या जेवल्या.

पण रोटाने माझं पोट भरलं नाही. मी नवऱ्याला घेऊन तालुक्याला गेले आणि वाटणीचा अर्ज टाकला. तो रस्ताभर कुरकुरत होता. भाऊ काय म्हणेल, गाव काय म्हणेल. मी म्हटलं, जे म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं.

या वर्षी जिभाऊचा फोन आला. नवऱ्याला. मी स्पीकर लावायला लावला. आवाजात नुसती साखर. ‘भो, रोटले या सगळा. यंदा तुमनी बी मूठ टाकू. पण ते वाटणीनं मिटाडी टाक. बाईले समजाड.’

नवऱ्याचे डोळे भरले. खरंच भरले. सव्वा मूठ गव्हासाठी हा माणूस जमीन सोडायला निघाला होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

‘जिभाऊ, मी बोलतेय. रोट तुम्हीच खा. आम्ही मोजणीला येतो.’

पलीकडून मग फोन कट.

नवरा म्हणाला, ‘आपल्याला कुठे शेती करायचीय? कशाला वैर?’ मी म्हटलं, कसू, नाहीतर पडीक ठेवू, नाहीतर मुलीच्या नावावर करू. ते नंतर बघू. आम्ही गाव सोडलं ते पोटासाठी. हक्क सोडून गेलो नव्हतो. उद्या पुन्हा एखादा रोग येईल, पुन्हा मिलला कुलूप लागेल, पुन्हा वेशीवर काट्या पडतील. तेव्हा मी कुणाच्या दारात उभी राहणार नाही. माझ्या मुलीलाही राहू देणार नाही.

मोजणी दिवाळीनंतर आहे. जिभाऊ माणसं जमवणार, आरडाओरडा करणार, माझ्या नवऱ्याला भावाच्या प्रेमाची आठवण करून देणार. करू दे. हद्दीचा दगड माझ्यासमोर रोवला जाईल. तो रोवल्याशिवाय मी त्या शेतातून हलणार नाही.